एका पानावर दोघं

वाचता वाचता डोळे मिटता येणार नाहीत, तेव्हा उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. एक खाडी आहे. खाडीच्या मुखाशी कातळवट नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं पठार, म्हणजे सडा, आणि त्या सड्यावर एक लांबट पांढरी इमारत. इमारतीला एकही खिडकी नाही. खाडीचं गार पाणी नळांतून वर चढतं, इमारतीच्या पोटातून फिरतं आणि कोमट होऊन खाली येतं. आत काय ठेवलं असेल, सांगा पाहू? आंबे नाहीत, मासळी नाही, बर्फही नाही. तिथे कातळवटातल्या मोठ्या माणसांच्या आठवणी ठेवल्या आहेत.

ही वेळ का आली, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर एक ताप आला होता. लहान मुलांना तो शिवला नाही, पण मोठ्यांना त्यानं सोडलं नाही. कितीतरी माणसं गेली. जी वाचली ती बोलत होती, हसत होती, जुनं सगळं त्यांना आठवत होतं. नवीन मात्र काही मनात राहत नव्हतं. ओल्या सिमेंटवर पाऊल उमटावं तशी आठवण उमटायची, पण सिमेंट वाळायचंच नाही. लोकांनी त्याला नाव दिलं विसरताप. मग शास्त्रज्ञांनी उपाय काढला. कानामागे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवायचं. दिवसभरात घडलेलं ते सड्यावरच्या स्मृतिकोठीत पाठवणार, आणि माणसाला आठवावंसं वाटलं की तिथून परत आणणार. कोठीत लाखो कप्पे. कोणाच्या कुठल्या आठवणीला कुठला रिकामा कप्पा द्यायचा, हे ठरवणारी आज्ञावली सगळ्या यंत्रणेच्या मुळाशी होती. तिला म्हणत गाभा.

आता शाल्मलीकडे वळू. शाल्मली भाटकर, वय वर्षं अकरा. विसरतापात तिची आई गेली आणि बाबा वाचले. बाबा, म्हणजे हेरंब भाटकर, खाडीत तर, म्हणजे होडी, चालवायचे; या काठची माणसं त्या काठाला न्यायचे. आणि आत्ता, आपण पोचलो तेव्हा, शाल्मली स्मृतिकोठीच्या तपासणीखोलीत उभी होती आणि रागानं तिचे कान लाल झाले होते.

"शंभर टक्के," संचालक दिवेकर पडद्याकडे बघत म्हणाले. "सलग तिसऱ्यांदा. भाटकर, तुमची आठवण ठणठणीत आहे."

"मग झालं तर," हेरंब म्हणाला. "मी पहिल्यापासून तेच सांगतोय. मी माझी तर बांधली होती. दोर हातात घेतला, खुंटाला दोन वेढे दिले, गाठ मारली."

"लाकडी खुंटाला."

"लाकडी खुंटाला."

दिवेकरांनी चष्मा काढला. "धक्क्यावर लाकडी खुंट नाही, भाटकर. लोखंडी आहेत. तुमचं लग्न झालं त्याच्याही आधीपासून."

हे हेरंबला माहीत होतं. रोज हात लागायचा त्या लोखंडाला. तरी त्या संध्याकाळचं आठवायला गेलं की हाताखाली लाकूडच यायचं, खडबडीत आणि ओलसर. तो तरी काय करणार?

त्या संध्याकाळनंतर त्याची तर ओहोटीबरोबर सुटली होती आणि पहाटे कालवं काढायला गेलेल्या रुकय्या खालफेच्या होडीवर जाऊन आदळली होती. रुकय्याचाचीचा उजवा हात दोन होड्यांमध्ये चिरडला. दोर तुटलेला नव्हता, कापलेलाही नव्हता. नुसता पाण्यात लोंबत होता. बंदर पंचायतीपुढे हेरंबनं लाकडी खुंटाची गोष्ट सांगितली तेव्हा माणसं आधी हसली, आणि मग हसायची थांबली. ते थांबणं जास्त वाईट होतं.

"माझ्या यंत्रणेत दोष नाही," दिवेकर म्हणाले. "मग राहिलं काय? तुम्ही खोटं बोलताय. पंचायतीला मी तसंच लिहून देणार."

"यंत्रणेत दोष नाही तर परवा संध्याकाळी बाबांनी मला विचारलं ते काय होतं?" शाल्मली एकदम म्हणाली. "म्हणाले, तुझा भाऊ आला का गं शाळेतून? मला भाऊ नाहीये!"

"बाळ, दमलेला माणूस काहीही बोलतो."

"मी बाळ नाही. आणि ते दमलेले नव्हते, आरामात चहा पीत होते."

"शाल्मले," हेरंबनं तिचा दंड धरला. "चल."

"नाही चलणार! तुम्ही इथे बघत बसता तेव्हा सगळं बरोबरच येणार. आमच्या वर्गात बाई आल्या की आम्हीपण हाताची घडी घालून बसतो. बाई गेल्यावर या ना बघायला! तेव्हा नाही येत कोणी. आणि वर म्हणायचं, वर्ग गुणी आहे!"

दिवेकर हसले. पण मागच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांचं नाव मृदुला साखळकर. गाभ्याची देखभाल त्यांच्याकडे होती. त्या हातातली पेन्सिल तशीच धरून शाल्मलीकडे बघत राहिल्या. बापलेक बाहेर पडले तशा त्याही उठून मागोमाग आल्या.

"ए मुली, थांब. संध्याकाळी येशील? दिवेलागणीला? बाबांना घेऊन ये."

"परत तपासणी?"

"नाही. या वेळी बाई वर्गाबाहेर जाणार आहेत."

संध्याकाळी इमारतीच्या फाटकापाशी जांभ्याच्या कट्ट्यावर तिघं बसली. मृदुलाबाईंनी डब्यातून चुरमुऱ्याचे लाडू आणले होते. शाल्मलीनं घेतला नाही. रागावलेल्या माणसानं लाडू खाल्ला की राग हलका होतो, आणि तिला तो हलका करायचा नव्हता.

"पंगत बघितलीयस?" मृदुलाबाईंनी विचारलं.

"मीठ वाढलंय मी पंगतीत."

"वा! मग तुला कळेलच. समज, मोठी पंगत आहे. पाहुण्यांना पानावर बसवायला दोघे जण आहेत, एक या दारात आणि एक त्या दारात. पहिल्यानं बघितलं, कोपऱ्यातलं पान रिकामं आहे. तो पाहुण्याला बोलवायला वळला. नेमकं त्याच वेळी दुसऱ्यानं बघितलं. त्याला काय दिसलं?"

"तेच पान. रिकामं."

"कारण पहिला पाहुणा अजून बसलेला नाही. मग?"

"मग दोन पाहुणे एकाच पानावर येणार. भांडण होणार."

"माणसं असतील तर भांडण होईल. आठवणी भांडत नाहीत. जी नंतर येते ती आधीच्या आठवणीवर बसते. खालची पुसली जाते. पण दोन्ही पाहुणे हेच समजत राहतात, की पान माझं. उद्या पहिल्यानं येऊन आपल्या पानात बघितलं तर त्याला दुसऱ्याचं जेवण दिसतं. आणि तो ते आपलंच म्हणून खातो."

हेरंब इतका वेळ खाडीकडे बघत होता. त्यानं मान वळवली.

"याला आम्ही शर्यत म्हणतो," मृदुलाबाई म्हणाल्या. "दोघं एकाच रिकाम्या जागेकडे धावतात म्हणून. रोज होत नाही. लाखात एखाद्या वेळी. पण दिवेलागणीला सगळं गाव घरी येतं, सगळ्यांचा दिवस एकदम कोठीत ओतला जातो, तेव्हा गर्दी असते."

"आणि तपासणीत ती का नाही दिसली?" शाल्मलीनं विचारलं.

"तपासणीच्या वेळी आम्ही गाभ्यावर पहारा बसवतो. पहारा म्हणजे समज, एक मुकादम. बसवणाऱ्या प्रत्येकाला तो पावलोपावली विचारतो, काय बघितलंस, कुठे निघालास? उत्तर देण्यात वेळ जातो. दोघांची चाल मंदावते आणि ते एकमेकांना कधी आडवेच येत नाहीत. पहारा उठला की पुन्हा धावाधाव."

शाल्मलीनं थोडा विचार केला.

"म्हणजे तुम्ही बघायला येता आणि त्यामुळेच ते पळून जातं."

"हो."

"आणि मग तुम्ही म्हणता, बाबा खोटारडे."

"आम्ही मुद्दाम..."

"मुद्दाम नसेल! पण म्हणालात ना?"

मृदुलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणालो," त्या म्हणाल्या. "आमच्या कामातली ही जुनी खोड आहे. यंत्राबद्दल तक्रार आली की पहारा बसवायचा. पहाऱ्यात दोष दिसला नाही की माणसाला दोषी धरायचं. यंत्राला कोणी शपथ घालत नाही, माणसाला घालतात."

सूर्य बुडाला. खाली गावात एकेक दिवा लागला. मृदुलाबाईंनी आज पहारा बसवला नव्हता. पंगत चालू असताना त्या आत डोकावल्यासुद्धा नाहीत. पंगत उठल्यावर त्यांनी फक्त दोनच गोष्टी मोजल्या, आज आठवणी किती आल्या आणि कप्पे किती भरले. मोजून झाल्यावर त्या बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघून हेरंब उठून उभा राहिला.

"जेवणारे जास्त आहेत," त्या म्हणाल्या, "आणि पानं कमी."

दुरुस्ती अवघड नव्हती, आणि संताप येतो तो इथेच. बसवणाऱ्यानं पान रिकामं दिसताच त्यावर हात ठेवायचा आणि पाहुणा टेकेपर्यंत हात काढायचा नाही. बघणं आणि धरणं या दोन गोष्टी नाहीतच, ती एकच कृती. तिच्या मधे कोणाला शिरता येता कामा नये. शास्त्रात याला कुलूप म्हणतात. बारा ओळींचं काम होतं.

"आणि बाकीचे तोवर उभे राहणार?" दिवेकरांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या बापलेकींना सगळं ऐकू येत होतं. "आपली कोठी देशात सगळ्यात वेगवान आहे, बाई. तुमचं कुलूप लावलं तर गावाला आठवायला वेळ लागेल."

"एक श्वास जास्त. पण जे आठवेल ते स्वतःचं असेल."

दिवेकर वाईट माणूस नव्हते. तापाच्या दिवसांत याच माणसानं घरोघरी हिंडून लोकांच्या कानामागे यंत्रं बसवली होती. पण आपण बांधलेल्या गोष्टीवर माणसाचं प्रेम बसलं की तिच्यापायी चिरडलेला हात त्याला दिसेनासा होतो. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक. लावा कुलूप. आणि जे कप्पे दोघांच्या नावावर आहेत ते गुपचूप मोकळे करा. ज्याची आठवण शेवटी लिहिली गेली, कप्पा त्याचा. दुसऱ्याचं नाव काढून टाका. त्याला थोडं पुसट वाटेल, मन आपोआप टाके घालतं. गावाला सांगायची गरज नाही. उगाच घबराट."

बाहेर बाकावरून शाल्मली उठली. हेरंबनं धरायच्या आत ती दारात होती.

"माझ्या बाबांना सगळ्या गावासमोर खोटारडे म्हणालात," ती म्हणाली. "मग आता गुपचूप कशाला?"

मृदुलाबाई उठून उभ्या राहिल्या. "मी पंचायतीत सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "नोकरी गेली तर जाऊ दे."

बंदर पंचायत धक्क्यावरच्या जाळी विणायच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. सगळं गाव आलं होतं. पुढच्या रांगेत रुकय्याचाची बसली होती, उजवा हात गळ्यात बांधलेला. मृदुलाबाईंनी पंगतीची गोष्ट पुन्हा सांगितली. मग म्हणाल्या, त्या संध्याकाळचा हेरंब भाटकरांचा कप्पा आम्हाला सापडलाय. त्यावर दोन नावं आहेत. दुसरं नाव सड्यावरच्या धोंडू गावड्याचं.

"माझं?" मागून धोंडू ओरडला. "मी काय केलं?"

"काही नाही, धोंडूभाऊ. त्या संध्याकाळी काय करत होतात, आठवतं?"

"करणार काय? म्हैस बांधली. पोरगं शाळेतून आलं नव्हतं, म्हणून मीच बांधली गोठ्यात. खुंटाला."

"लाकडी?"

"मग काय सोन्याचा?"

शेडमध्ये कोणी हसलं नाही. हेरंबनं आपला हात वर केला आणि मनगटाकडे बघितलं. "त्या वेळी इथे काहीतरी गरम लागत होतं," तो हळू म्हणाला. "मला वाटायचं, वारा. खाडीचा वारा गरम कसा, ते कळत नव्हतं." तो धोंडूच्या म्हशीचा श्वास होता.

"पण हेरंबभाऊ, तू गाढव नव्हतास, तुझ्या डोक्यात नुसती म्हैस बांधलेली होती, एवढं तरी नक्की झालं!" कोणीतरी म्हणालं. आता थोडं हसू पसरलं. हेरंबही हसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. तो मृदुलाबाईंकडे वळला.

"बरं, मग माझी आठवण कुठाय? मी माझी तर बांधली ती?"

"ती धोंडूभाऊंच्या आठवणीखाली पुसली गेली."

"पण बघून सांगता येईल ना?"

"पुसलेलं बघता येत नाही."

"म्हणजे मी बांधली नव्हती?"

"ते मला माहीत नाही."

"मग बांधली होती!"

"हेरंबभाऊ, तेही माहीत नाही. आता ते कुठेच नाही. ना तुमच्याकडे, ना कोठीत."

हेरंबचं हसू कुठे गेलं कळलं नाही. काल तो खोटारडा ठरत होता, पण त्याच्या मनात दोर होता, वेढे होते, गाठ होती. खोटं का असेना, पायाखाली काहीतरी होतं. आज तो खरा ठरला आणि त्याच्या हातात काहीच उरलं नाही.

एवढ्यात रुकय्याचाची उठली.

"दोर सुटतो," ती म्हणाली. "माझ्या अब्बाकडून सुटला होता, माझ्याकडून सुटलाय. खाडीवर राहणाऱ्यानं दोराची शपथ घेऊ नये. हेरंब, तू येऊन म्हणाला असतास, चाची, चुकलं, तर मी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा दिला असता. तू माझ्या तोंडावर म्हणालास, मी बांधली होती. म्हणून माझं डोकं फिरलं. आता ही बाई म्हणते, खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मग मी रागावू कोणावर? हात तर माझाच गेला ना? तो काय म्हशीनं तोडला?"

दिवेकर घाईघाईनं उभे राहिले. दोष दुरुस्त झालेला आहे, ते म्हणाले, यापुढे असं होणार नाही, विषय संपला. पंचायतीनंही तसंच ठरवलं. हेरंब भाटकर खोटं बोलला नाही, तरीचा परवाना कायम, प्रकरण बंद.

पण विषय संपला नव्हता. शेडमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि मृदुलाबाईंना अगदी हळू विचारू लागले, "आमची ही जाताना माझा हात धरून काहीतरी बोलली होती. ते मीच ऐकलं ना हो? की दुसऱ्या कोणी?" त्यांच्यामागे आणखी एक जण उभा राहिला. त्याच्यामागे एक बाई. कोणी आवाज चढवला नाही. आपल्या सगळ्यात जवळच्या गोष्टीबद्दल परक्या माणसाला विचारण्यासाठी सगळं गाव शांतपणे रांग लावत होतं.

धोंडूची म्हैस त्याच दिवशी हेरंबच्या आठवणीतून निघून गेली. यंत्रानं ती काढून घेतली तेव्हा दुखलं नाही. आपण पूर्वी काय सांगत होतो ते त्याला माहीत होतं, पण आता ते दिसत नव्हतं. घरी आल्यावर तो दोराचा एक तुकडा हातात घेऊन अंगणात बसून राहिला.

"बाबा, तुम्ही सुटलात ना," शाल्मली म्हणाली. "मग असे काय बसलात?"

"कशातून सुटलो ते शोधतोय."

शाल्मलीला वाटलं होतं, बाबा खोटारडे नाहीत हे सिद्ध झालं की राग जाईल. तो गेला नव्हता. दिवेकरांवरचा राग होता, बारा ओळी आधी न लिहिणाऱ्यांवरचा होता, बंद म्हणून टाकलेल्या प्रकरणावरचा होता; आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक असा राग होता, ज्याला धरायला कोणी माणूसच नव्हता. तिनं चपला घातल्या आणि ती निघाली.

रुकय्याचाची मागच्या दारी बसली होती. शेजारच्यांनी तिच्यासाठी टोपलीभर कालवं आणून टाकली होती. ती डाव्या हातात टोकदार सळी धरून शिंपला उघडायला बघत होती. शिंपला सारखा निसटत होता, कारण दाबून धरायला दुसरा हात नव्हता. तिनं वर बघितलं.

"बापानं पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीत नाही."

"मग काय सांगायला आलीस?"

शाल्मली म्हणाली, "बाबा खोटं बोलले नाहीत. पण त्यांनी दोर बांधला होता की नाही, ते मला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही."

"ते मी तिथे ऐकलं," रुकय्याचाची म्हणाली. "मग आता?"

शाल्मली टोपलीपलीकडे फतकल मारून बसली, एक कालव उचललं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून चाचीच्या सळीसमोर केलं.

"उलटं धरलंयस," रुकय्याचाची खेकसली. "बिजागरी माझ्याकडे."

शाल्मलीनं ते फिरवलं.